बिनखताचा पट्टा

वडलांना कधी कामावर नेऊ नका रे! मी इकडे परदेशात, वेरिबीजवळ, हेम्पच्या पिकाच्या ट्रायलवर कामाला आहे. हेम्प म्हणजे नशा न येणारी, धाग्यासाठी लावतात ती भांग. त्यातला एक पट्टा तुलनेसाठी मुद्दाम बिनखताचा ठेवलेला. पुण्याहून आलेल्या बाबांना तो पिवळा दिसला आणि माझी पाठ वळताच त्यांनी त्यावर बादलीभर युरिया फेकला.

"बाबा, आख्खी ट्रायल गेली! बॉसला काय सांगू?"

"एकट्यालाच उपाशी ठेवतोस? शोभतं का तुला?"

मी वैतागलो. "अहो, नायट्रोजन जास्त झाला की झाड नुसतं उंच वाढतं. धागा कच्चा राहतो, जरा वारा आला की आडवं!"

बाबांनी माझी सहा फुटी किडकिडीत अंगकाठी खालून वर न्याहाळली.

"तुझी आई तुला तूप वाढायची, तेव्हा मी तिला हेच सांगत होतो."