भाजीचं पाणी

शिंपीणबाईंना चोरून ऐकायची हौस नव्हती. पण किडनीच्या दवाखान्यातला बाक एवढासा, आणि त्याच बाकावर दोन जावा टेकलेल्या.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"विचारत होते, हे खाऱ्या जमिनीतली ती पालेभाजी रोज खायचे का. म्हटलं, हो, चार वर्षं. तिच्या पानांत बारीक खडे असतात म्हणे, ऑक्झलेटचे. डोळ्यांना दिसत नाहीत. उकडली की बरंचसं ऑक्झलेट पाण्यात उतरतं आणि तेच किडनीत साचतं."

"मग पाणी ओतून द्यायचं."

"मी ते ह्यांना प्यायला द्यायचे, वहिनी. वाटी भरून. सगळं सत्त्व त्यातच, म्हणून."

"बघायचे मी. ओटा एकच आपला."

"आणि तुम्ही मोरीत ओतायचात, तर मी हसायचे. म्हणायचे, चांगलं तेवढं फेकायची खोड यांना."

"ऐकू यायचं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, हे पाणी पोटात जाऊ द्यायचं नाही. का, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगायला आधी बोलावं लागलं असतं. दोरीवरच्या कपड्यांवरून अबोला धरलेला आपण. म्हटलं, मीच का मोडू? पिऊ देत, फार तर पोट बिघडेल."

आतून नर्स बाहेर आली. "पेशंटच्या घरचं कोण?"

थोरली उठायला लागली.

"तुम्ही बसा. मला माहीत नव्हतं, एवढं मी ह्यांना सांगते. तुम्हाला माहीत होतं, ते नंतर तुमच्या तोंडाने सांगा."