टेकलेला भार

ताई : परत तोच अलार्म ना, साहेब?

इंजिनिअर : तोच. मशीनचा कंट्रोल म्हणतो पुढे जा, सरकतं टेबल मागे रेंगाळतं. दोन्हींतलं अंतर मर्यादेबाहेर गेलं की मशीन आपणहून थांबतं. तेही नेमकं शेडच्या दाराकडच्या टोकाला.

ताई : नवी मोटर टाकलीत, तरी?

इंजिनिअर : मोटर, केबल, ड्राइव्ह, सगळं बदलून झालं. मोटर टेबल सरकवणाऱ्या स्क्रूपासून सोडवली तर फुलासारखी फिरते. म्हणजे दुखणं टेबलात. पण खाली धातूच्या चिप्स अडकलेल्या नाहीत, तेल नीट पोचतंय. माझं तर डोकंच चालेनासं झालंय.

ताई : वीज बंद करून हातानं फिरवून बघा की.

इंजिनिअर : बघितलं मघाशी.

ताई : मग बोलला का नाहीत?

इंजिनिअर : काय बोलू? अडकलं असतं तर कडक लागलं असतं. हे मऊ लागतं. मी टेबल सरकवतो, हात काढला की ते हळूच माझ्याकडे परत येतं. कुणी अंग टाकून टेकलं असावं तसं.

ताई : दादा असाच टेकायचा.

इंजिनिअर : कोण दादा?

ताई : माझा थोरला भाऊ. हे मशीन तोच चालवायचा. गेल्या महिन्यात झोपेत गेला, तेव्हापासून मी चालवते. टेबलावरून तयार जॉब उतरवला की त्या टोकाला कंबर लावून उभा राहायचा.

इंजिनिअर : अहो, दिवसाढवळ्या हे काय काढलंत. मी सरळ त्या अंतराची मर्यादा वाढवतो. सेटिंगमधला एक आकडा. मालकांनाही काम सुरू झाल्याशी मतलब.

ताई : वाढवली की काय होईल?

इंजिनिअर : अलार्म येणार नाही. समोर काहीही असो, टेबल रेटून पुढे जाईल.

ताई : आणि टेकलेला?

(इंजिनिअरचा हात बटणांवरून खाली येतो.)

इंजिनिअर : तुम्हीच… काही सांगून बघता का?

ताई : दादा, जरा सर रे. काम खोळंबलंय.

इंजिनिअर : चालवा आता. सावकाश. मोटरवरचा लोड मी बघतो. चढतोय… अजून चढतोय… थांबा. उतरला. ताई, टोक पार केलं टेबलानं.

ताई : सेटिंग बदललंत?

इंजिनिअर : हातही लावला नाही. ते स्टूल कुठे नेताय?

ताई : त्याच्यासाठी. उभा तरी किती राहील बिचारा.

इंजिनिअर : तिथे नको, अलीकडे घ्या. दार उघडलं की लागेल त्यांना.