रिपोर्टातले आर

हसू नका, पण इंग्रजी आर हे अक्षर दिसलं की मी अजून दचकतो.

घोटीला मेहुण्याच्या पोल्ट्रीवर निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी खाल्ली. आतून जरा कच्चीच होती, पण पाहुणा म्हणून गप्प बसलो. दुसऱ्या दिवसापासून जुलाब आणि ताप. नाशिकला ॲडमिट केलं, तीन दिवस इंजेक्शनं झाली, तरी ताप हटेना. चौथ्या दिवशी शौचाच्या तपासणीचा रिपोर्ट आला. औषधांची लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे आर, आर, आर. मी खूश होऊन डॉक्टरबाईंना म्हटलं, "म्हणजे सगळं राइट ना?"

"आर म्हणजे रेझिस्टंट. तुमच्या पोटातले जंतू या औषधांना दाद देत नाहीत. शेवटच्या ओळीतलं एकच औषध काय ते लागू पडणारं उरलंय."

तेवढ्यात मेहुणा भेटायला आला. त्यानं रिपोर्ट घेतला, नावांवरून बोट फिरवलं आणि ओरडलाच, "दाजी, ही तर आपलीच औषधं! कोंबड्यांच्या पाण्यात टाकतो की मी."

बाईंनी विचारलं, "आजारी पडल्या की?"

"नाय ओ मॅडम, पडूच नाय म्हणून. रोज. वजन बी लय धरतात."

मेहुण्याचं बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"हे कधी ऐकलं नाय. नवीन हाय का? कुठं मिळंल?"

बाईंनी तो कागद त्याच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतला.