डासघर पुन्हा भरतं

— मामा, हा राजीनामा परत घ्या. मी वाचणार नाही.

— वाचा बाई. एकतीस वर्षं डासघर सांभाळलं, प्रयोगांसाठी डास पोसले आणि शेवटी मीच सगळ्यांना मारलं.

— फवारणी करायला सांगितलं कोणी?

— मीच! पाहुण्यांना डास चावले तर आपलं नाक कापलं जाईल म्हटलं. व्हरांड्यातच मारा म्हणालो, आणि डासघराची खिडकी उघडी टाकून चहाला गेलो.

— डेंग्यूच्या प्रयोगशाळेत डासांवर फवारा! अहो, हसू नको तर काय करू?

— हसा. तिकडे तीन देश आपल्याच वाणाच्या डासांवर औषध तपासतायत. साठवणीतली अंडी गेल्या महिन्यात त्यांनाच पाठवली, ती त्यांनी वापरून संपवली. आता सगळ्यांचं काम अडणार. माझ्यामुळे.

— आणखी कुणाला कधी दिलं होतं हे वाण?

— एकदा, त्या शेजारच्या देशाला. सव्वीस वर्षं झाली. दोन्ही सरकारांचं बोलणं बंद होतं, पण त्यांच्याकडे साथ आली होती. आपल्या तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी टीपकागदावरची अंडी तिसऱ्याच देशातून पोचवली. वरून ओरडा खाल्ला तो वेगळा.

— त्यांना विचारू या.

— छे हो! इतकी वर्षं कोण कशाला पोसतंय परक्यांचे डास?

— विचारायला काय जातंय? बसा इथं, पत्र लिहू.

(एकोणीस दिवसांनी, डासघरात.)

— मामा, चष्मा लावा. पाकीट आलंय.

— टीपकागद! अहो, अंडीच की ही! ताट आणा, पाणी आणा!

— ओतलं. चिठ्ठीपण आहे, त्यांच्या डासघराच्या बाईंची. म्हणतात, तुमचं वाण आम्ही एकदाही तुटू दिलं नाही. तुम्ही तेव्हा अंड्यांबरोबर सूचना पाठवली होती, 'अळ्यांना खायला चिमूटभर यीस्ट, फार लाड नकोत.' ती अजून भिंतीला चिकटवलेली आहे.

— माझी चिठ्ठी? भिंतीला?

— हो, तुमचीच. रडताय काय मामा?

— रडतोय. मग? रडू नको?

— रडा, पण ताटात बघा. वळवळलं काहीतरी.

— कुठं? अरे हो... एक... तीन... अहो, ही तर रांगच लागली!

— मग या राजीनाम्याचं काय करू?

— बाई, आधी बाजूला व्हा, उजेड अडतोय. पोरं उपाशी आहेत माझी.