खाकरायला मनाई

भावनगरात घशाच्या डॉक्टरांकडे लाभुबेन नंबराची वाट बघत बसली होती. तपासणी आटोपून झुपकेदार मिशांचे वजुभाई बाहेर आले आणि समोरच्या बाकावर ओळखीच्या छगनभाईंशेजारी टेकले. दोघांचं बोलणं लाभुबेनला ऐकू येत होतं.

"काय म्हणाले डॉक्टर, वजुभाई?"

"पोटातलं आंबट वर येतं म्हणे. त्यानं घसा चुरचुरतो, मी खाकरतो, आणि खाकरल्यानं चिकटा आणखी सुटतो."

"म्हणजे रोग तुम्हीच पाळलात!"

"पाळला? गाठिया-मिरच्या चारून थोराड केला! आता गाठिया बंद, जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. खाकरावंसं वाटलं तर पाण्याचा घोट गिळायचा."

"सोपं आहे की."

"गाठिया सोडीन हो. पण घरात शिरताना? बेचाळीस वर्षं दारात खाकरलो, की आतून 'आलात?' यायचं. दिवाळीत ती गेली. तरी अजून खाकरून उभा राहतो, वेड्यासारखा."

"मग सरळ हाक मारायची."

"कशी मारू? तिचं नाव कधी घेतलंच नाही. मिशा बघा केवढ्या, आणि बायकोचं नाव घ्यायला घाबरलो."

"आता कोण हसणार आहे? काय नाव होतं भाभींचं?"

वजुभाईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं.

"मोंघी."

"ऐकू नाही आलं."

"मोंघी!"

आवाज इतका मोकळा निघाला, की कंपाउंडरनं नंबरांच्या वहीतून मान वर केली.

"मोंघीबेन कोण? आल्यात का?"