ठिबकची चाकी
माझ्या डब्याचं झाकण फरशीवर खणखणलं आणि वॉर्डातली शांतता मोडली. ताप उतरलेली माझी आरोही मांडीवर दचकली. शेजारच्या खाटेवर बेल्ह्याच्या साळुबाई बेशुद्ध होत्या. त्यांची लेक हर्षाली सलाईनच्या नळीवरच्या चाकीकडे बघून भावावर कडाडली,

“भरत, चाकी तू फिरवली?”

“लई जोरात चाललं व्हतं, ताई. ठिबक कसं, हळू सोडलं तरच मुळाला लागतं.”

“आई काय द्राक्षबाग हाय व्हय? रक्तात विष पसरलंय, प्रेशर पडलंय. पयली बाटली पळवायची, म्हणले ना डॉक्टर? नर्सबाई! ओ नर्सबाई!”

नर्सबाईंनी धावत येऊन चाकी उघडली. “पुढची हळू करायची का ते आम्ही बघू. परत हात लावलात तर बाहेर काढीन.”

“नाय लावत. पण बाई, झेपंल ना तिला?”

“त्यासाठीच तर उभी आहे मी इथं.”

बाटली संपत आली.

“ताई, पिशवी बघ! थांबलेली लघवी उतरली!”

“अरं, डोळं बी उघडलं! आई, ए आई!”

“भरत्या, मोटार बंद केली का रं?”

“केली, आई, केली!”

दोघं हसता हसता रडू लागली. आरोहीनं माझा पदर ओढला.

“आई, माणसाची मुळं कुठं असतात गं?”