माळ्यावरचं खोबरं

तो नको घेऊस गो बाय, तो पांढरा तुकडा बाजारचा — ते खोबरं आम्ही खात नाही, ते शुक्रवारी म्हापशाला जातं. तुला आम्ही खातो ते पाहिजे ना? मग ही पाटी बघ, माळ्यावरून आत्ताच काढली. हिरवट दिसतंय ना, तोच बुरा. पावसात वाट्या सुकत नाहीत, ऊन एक दिवस असतं, चार दिवस नसतं, मग बुरा धरतो. फडक्याने पुसायचा आणि परत उन्हात घालायचं. टाकायचं कशाला? माझी सासू असंच करायची, तिची सासूही असंच करत असणार — चांगलं विकायचं, वाईट घरात. सगळ्या पेडण्यात असंच चालतं, मी एकटी नाही.

आठवड्यातून किती वेळा? रोज. रोज सकाळी दहाला पेज, आणि पेजेबरोबर ह्याच खोबऱ्याची, भाजून केलेली चटणी — आमच्या ह्यांना तिच्याशिवाय पेज गिळवायची नाही. नाव लिहायचं? गुरुदास. जिवंत असताना कधी तोंडातून काढलं नाही, आता घेते. कडवट? लागायची की कधीकधी, मग मिरची एक जास्त घालायची. भाजलं की बुरा मरतो असं आम्ही धरून होतो. आणि तू आज येऊन सांगतेस, बुरा मरतो पण त्याचं विष मरत नाही, ते लिव्हरात जाऊन बसतं. असेल, तू शिकलेली. पण मग मीही तेच खाल्लं, कालपर्यंत खाल्लं, मला का नाही झालं? — सगळ्यांना सारखं होत नाही, बरं. आणि जास्त कुणाच्या ताटात पडायचं तेही आहेच. ह्यांना वाढून उरलं तर मी.

दारू — हां, तो रकाना येणारच होता. ह्या वाड्यावरची तीन माणसं लिव्हरने गेली म्हणून तर तुला पाठवली ना, आणि लिव्हर म्हटलं की गोव्यात सगळे आधी तेच विचारतात. घटक राज्य झालं ना, दोन वर्षांमागे, पेडण्याच्या बाजारात फटाके लावले — त्या दिवशी पोटातलं पाणी दुसऱ्यांदा काढून ह्यांना घरी आणलं होतं. डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टर म्हणाले लिव्हरात गाठ आहे, आणि लगेच — किती पिता? हे म्हणाले, कधीच नाही. डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. त्यांचा तरी काय दोष? वीस वर्षं हे काजूच्या भट्टीवर. मार्च ते मे रस तापवायचा, फेणी गाळायची, सदरा तीनदा धुतला तरी वास जायचा नाही. असल्या माणसाचं लिव्हर गेलं तर गावाने काय समजायचं?

गावाचं सोड. मी काय समजले ते — नको, ते लिहू नकोस, नुसतं ऐक. मी बाटल्या शोधल्या. गोठ्यात, गवताखाली, भाताच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून. काही मिळालं नाही, तर म्हटलं, भट्टीवरच पिऊन येत असणार. हे सांगायचे, अगो, मी जिभेला लावत नाही, नुसता फेस बघून मला कळतं किती कडक आहे ती. मी म्हटलं, जिभेला न लावता लिव्हर जळतं काय? उठवत नव्हतं, तरी म्हणाले, चल सातेरीच्या देवळात, नारळावर हात ठेवून सांगतो. मी म्हटलं, आता देवीला तरी फसवू नका. असं म्हटलं गो मी, मरायला टेकलेल्या माणसाला. आणि वर पेज आणि चटणी पुढे ठेवली — तीच चटणी, तेल-मासळी बंद होती म्हणून. त्यांनी सगळी खाल्ली, वाटी पुसून. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. धड बोललेच नाही मी त्यांच्याशी. पंधरा दिवसांनी गेले. मला त्याचं फार वाईट वाटतं बाय, कुणाजवळ बोलले नाही आजवर.

तर आता तू सांग. तुमच्या पणजीच्या मशीनमध्ये ह्यात विष निघालं, तर ते मीच रोज वाढलं, माझ्या ह्या हाताने. नाही निघालं, तर हे खोटे आणि गाव खरं. मी देवीकडे काय मागू? — काय म्हणतेस? एका माणसाचं नक्की सांगता येत नाही? हजार माणसांत किती जणांना धोका, तेवढंच कळतं? माझ्या घरात हजार माणसं नव्हती गो. एकच होता.

निघू दे. विष निघू दे बाय, माझ्यावर येऊ दे सगळं, पण निघू दे. थांब, पिशवीला गाठ मारू नकोस, तेवढंसं पुरायचं नाही. हा घे, हा तळातला, पार काळा पडलाय बघ. हाही घे. आणि दारूच्या पुढे 'नाही' लिही. 'सांगता येत नाही' नको, 'नाही' लिही, बायकोने सांगितलं म्हणून लिही. लिहिलंस? मग ऊठ आता, म्हापशाची बस चुकेल तुझी.